पार्ल्याचं पाच बिऱ्हाडांचं घर विकायचं आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाहिरात दिल्यापासून येणारे बहुतेक फोन त्याच ठरावीक प्रश्नांपाशी येऊन थांबतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. घर पाहायला येण्याआधी एवढं वाचून या. निदान भाडेकरूंबद्दलचा भाग तरी वाचाच. निम्मे लोक तिथेच गळतात, आणि तिथेच गळलेले बरे.

नेमकं काय विकताय? फ्लॅट, बंगला की बिल्डिंग?

विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, आतल्या गल्लीत आमचं तळमजला अधिक दोन मजल्यांचं घर आहे. आजोबांनी १९६१ मध्ये बांधलं. तळाला दोन बिऱ्हाडं, पहिल्या मजल्यावर दोन, दुसऱ्या मजल्यावर एक मोठं. वर गच्ची, मागे थोडं अंगण. प्लॉट साधारण ४४५ चौरस मीटरचा. विकायचं आहे ते सगळं एकत्र, जमिनीसकट आणि बिऱ्हाडांसकट.

पाचपैकी दोन जागा आमच्या कुटुंबाच्या ताब्यात आहेत: दुसरा मजला आणि पहिल्यावरची एक. दोन जागांत पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहणारे, जुने भाडेकरू आहेत. तळमजल्याची पुढची जागा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, दिलेली आहे.

आम्हाला फक्त वरचा मजला मिळेल का?

नाही. सोसायटी नाही, अपार्टमेंट म्हणून नोंदणीही नाही. एक प्लॉट, एक मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). एक मजला विकला तर जमिनीतला हिस्सा, जिना, गच्ची, टाकी यावरून उद्या घेणारा आणि आम्ही दोघेही वकिलाच्या दारात. दोन-तीन कुटुंबांनी मिळून सगळं घर घ्यायचं ठरवलं तर मात्र आनंद आहे. तसं विचारणारे आले होते, आणि आमच्या मते या घराला तेच गिऱ्हाईक शोभतं.

भाडेकरू आहेत म्हणता. रिकामं करून देणार ना?

आमच्या दोन जागा खरेदीखताच्या दिवशी रिकाम्या मिळतील. लायसन्सची जागा करार संपला की रिकामी होईल. पागडीच्या दोन जागा रिकाम्या करून देण्याचं वचन आम्ही देत नाही, आणि कोणी घरमालक तसं तोंडी देत असेल तर त्यावर विसंबू नका.

कारण सरळ आहे. या दोन कुटुंबांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी १९४७ चा मुंबईचा भाडेकायदा होता. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, इतकंच. खरेदी झाल्यावर आम्ही दोन्ही कुटुंबांना पत्र देऊ की यापुढे भाडं यांना द्या, आणि पुढच्या पावत्या तुमच्या नावाने फाटतील.

भाडेकरूला बाहेर काढायची कारणं कायद्याने ठरवून दिली आहेत: भाडं थकवणं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, जागा दीर्घकाळ विनाकारण बंद ठेवणं, किंवा मालकाला स्वतःसाठी खरोखर गरज असणं. यातलं शेवटचं कारण ऐकून फोनवर लोकांचा आवाज एकदम बदलतो. ‘मग आम्ही स्वतःसाठीच घेतोय की!’ पण नुसतं म्हणून भागत नाही, ती गरज कोर्टात शाबित करावी लागते. जागा गेल्याने जास्त हाल कुणाचे होणार, हेही कोर्ट तपासतं. दावा लघुवाद न्यायालयात, उपनगरासाठी वांद्र्याला. तो किती वर्षं चालेल हे सांगणारा वकील मला अजून भेटलेला नाही. त्यात तुमच्याकडे याच घरातल्या दोन रिकाम्या जागा असताना ‘गरज’ दाखवणं अवघडच.

ते जातील कधी? वय काय आहे त्यांचं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, बहुतेक जण आवाज खाली आणून. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे. पण ते हिशेबात धरून घर घेऊ नका. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. आजींचा मुलगा, सून आणि नातू तिथेच राहतात. शिवाय या आजींनीच माझ्या आईचं बाळंतपण केलं आहे. तेव्हा हा प्रश्न घर पाहायला आल्यावर जिन्यात उभं राहून विचारू नका, आवाज वर जातो.

पागडीचं भाडं किती येतं?

दोन्ही जागांचं मिळून महिना हजार रुपयांच्या आत. हसू नका, शहरात हजारो घरमालकांची हीच गत आहे. जुन्या कायद्याने भाडी गोठवली, नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. शे-दीडशे रुपयांच्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे काय होतं ते तुम्हीच बघा. बाहेरून डागडुजी आणि इमारत राहण्याजोगी ठेवणं ही जबाबदारी मात्र मालकाची. व्यवहारात आमच्याकडे मोठी कामं निघतात तेव्हा भाडेकरू आपणहून वाटा उचलतात. तो चांगुलपणा आहे, करार नव्हे. तुमच्या वेळी तसंच होईल हे मी लिहून देऊ शकत नाही.

तळमजल्याच्या लायसन्सचं भाडं बाजारभावाने येतं आणि सध्या घराचा खर्च त्यावरच निघतो. तो करार नोंदणीकृत आहे. मुदत संपल्यावरही कोणी जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागता येते. लायसन्स आणि पागडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, दोन्हींना ‘भाडेकरू’ म्हणून एकत्र मोजू नका.

भाडेकरू आपली पागडीची जागा परस्पर दुसऱ्याला विकू शकतो का?

परस्पर नाही. भाडेहक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर मालकाची संमती लागते आणि संमतीसाठी मालक आपला हिस्सा घेतो. मुंबईत तो साधारण एक तृतीयांश धरायची रीत आहे. ही रीत आहे, कायद्यात आकडा नाही. १९९९ च्या कायद्याने अशी रक्कम घेणं मात्र वैध केलं. उद्या यातलं एखादं कुटुंब जायला निघालं तर दोन वाटा असतील: हिस्सा घेऊन नवा भाडेकरू येऊ देणं, किंवा त्यांना त्यांच्या हक्काची किंमत देऊन जागा स्वतःकडे घेणं. आमचा सल्ला विचाराल तर दुसरी. तळमजल्याची लायसन्सवर दिलेली जागा पूर्वी पागडीचीच होती, आमच्या वडिलांनी ती अशीच सोडवली.

ही उपकर इमारत आहे का? म्हाडा दुरुस्ती करेल ना?

नाही. उपकर (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतला जाणारा कर) आणि म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ हा प्रकार फक्त शहर भागासाठी आहे, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, आणि तोही सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या इमारतींना. गिरगाव-लालबागच्या मंडळींचा इथे हमखास गोंधळ होतो. पार्ल्यात दुरुस्तीसाठी खिसा आपलाच.

बांधकामाची अवस्था खरंखरं सांगा.

तीस वर्षांवरच्या इमारतीला मुंबईत संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. आमची झाली आहे, अहवाल दाखवू. शेरा आहे सी-२-बी. म्हणजे घर रिकामं न करता संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-१ म्हणजे पाडा, सी-२-ए म्हणजे काही भाग पाडून किंवा लोकांना हलवून मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. तेव्हा आमचं घर धोकादायक नाही, पण ठणठणीतही नाही.

आरसीसीचा सांगाडा आहे, भिंती विटांच्या. मागच्या बाजूच्या दोन कॉलमना जॅकेटिंग (मजबुतीसाठी बाहेरून जादा कवच) केलेलं आहे. न्हाणीघराच्या वरच्या स्लॅबचं प्लास्टर तळमजल्यावर दोन ठिकाणी सुटलंय आणि आतली सळई गंजून फुगलेली दिसते. तिथे आम्ही रंग काढून मुद्दाम उघडं ठेवलं आहे. घर विकण्याआधी पुट्टी मारून वर पांढरा हात फिरवायचा सल्ला दोन एजंटांनी दिला होता. ज्याने आयुष्यात एक पावसाळा मुंबईत काढलाय त्याला ती पुट्टी ओळखू येते. तुमचा स्ट्रक्चरल इंजिनीअर आणा, हातोडी मारून बघू दे. कोअर (काँक्रीटचा तपासणीसाठी नमुना) काढायचा असेल तर एक दिवस आधी सांगा.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग जुनं ब्रिकबॅट कोब्याचं आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि जुलैअखेर खालच्या खोलीत ओल येते. फरश्या मूळच्या मोझॅकच्या. खिडक्या सागवानी, त्यातल्या पश्चिमेकडच्या दोन पावसात फुगून बसतात त्या दसऱ्यापर्यंत उघडत नाहीत.

पाडून नवी बिल्डिंग किती मजल्यांची होईल?

बिल्डरांच्या फोनवर पहिला प्रश्न हाच, घराबद्दल बाकी काही न विचारता. इथे तीन गोष्टी आडव्या येतात.

पहिली, रस्ता. उपनगरात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १ आहे आणि तो जवळजवळ वापरून झालेला आहे. वरचा प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला तो साधारणपणे मिळत नाही. आमची गल्ली नऊ मीटरची नाही. महापालिकेची रस्तारेषा (रस्त्यासाठी आखलेली हद्द) प्लॉटवरून जाते का, हे आम्ही पाहून ठेवलंय. तो शेरा फाइलमध्ये आहे. ३५ टक्के फंजिबल क्षेत्र (एफएसआयच्या वरचं जादा बांधकाम) मिळतं, पण ते मंजूर एफएसआयच्या हिशेबात.

दुसरी, विमानं. पार्ल्याच्या एका अंगाला मोठा विमानतळ, दुसऱ्या अंगाला जुहूचा. उंचीसाठी भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाचं ना हरकत लागतं, आणि उंची जमिनीपासून नाही तर समुद्रसपाटीपासून मोजतात. शेजारच्या गल्लीत अमुक मजले झाले म्हणून आपलेही होतील असा हिशेब पार्ल्यात करू नये.

तिसरी, पागडीची दोन कुटुंबं. भाडेकरू असलेल्या उपनगरातल्या जुन्या इमारतींसाठी विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्ये ३३(७)(अ) हा नियम आहे. भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा द्यायची, आणि त्या पुनर्वसनाच्या प्रमाणात प्रोत्साहनपर क्षेत्र मिळतं. म्हणजे पाडायचं ठरवलंत तरी ही दोन कुटुंबं तुमच्यासोबत नव्या इमारतीत येणारच. त्यांना अडचण समजणाऱ्याने हा प्लॉट घेऊ नये.

माझं मत: टॉवरचं गणित इथे बसत नाही. दुरुस्त करून राहणाऱ्यासाठी किंवा चार-पाच मजल्यांचं छोटं घर बांधणाऱ्यासाठी बसतं.

बांधकाम अधिकृत आहे का? गच्चीवरची ती पत्र्याची शेड?

मूळ इमारत मंजूर नकाशाप्रमाणे. शिवाय मुंबईत १७ एप्रिल १९६४ पूर्वीच्या निवासी बांधकामांना महापालिका ‘सहन’ केलेली बांधकामं म्हणून धरते, आणि आमचं त्याआधीचं आहे. १९६२ च्या करआकारणीचा उतारा त्याचा पुरावा. गच्चीवरची शेड मात्र १९९० नंतरची, पावसापासून आडोसा म्हणून घातलेली, तिला कागद नाही. खरेदीखतात तिचा उल्लेख नसेल आणि तिचे पैसेही आम्ही धरलेले नाहीत.

कागदपत्रं कोणकोणती आहेत?

मिळकत पत्रिका, तीवर आजोबांनंतर वारसांची फेरफार नोंद झालेली. आजोबांचं १९५८ चं जमिनीचं खरेदीखत. मंजूर नकाशा, मालमत्ता कराच्या भरलेल्या पावत्या, भाडेपावत्यांची स्थळप्रत पुस्तकं, लायसन्स करार, तपासणी अहवाल. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा प्रश्न विचारला जातो: मुंबईत मर्यादा ५०० चौरस मीटरची होती, प्लॉट तिच्या आत आहे, आणि कायदाही राज्याने २००७ मध्ये रद्द केला.

तुमच्या वकिलाकरवी दुय्यम निबंधकांकडे तीस वर्षांचा शोध घ्या आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्या, एक मराठी, एक इंग्रजी. आमची त्याला ना नाही, उलट आग्रह आहे. सूचना न देता घाई करणारा ग्राहक आम्हालाच नको वाटतो.

सह्या किती जणांच्या?

सहा जणांच्या. दोन काका, दोन आत्या आणि आमच्या वडिलांमागे आई व मी. आत्यांची लग्नं झालीत, मग त्यांच्या सह्या कशाला, असं अजूनही विचारलं जातं. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं होतं, त्यामुळे मुलगा-मुलगी वारस सारखेच. वडिलोपार्जित मिळकत असती तरी २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुलींचा वाटा मुलांइतकाच असता. दोन्ही आत्या विक्रीला राजी आहेत. धाकटी आत्या अमेरिकेत असते. तिचं मुखत्यारपत्र तिथल्या वकिलातीतून साक्षांकित होऊन आलेलं आहे.

भावाशिवाय वर किती खर्च धरायचा?

मुंबईत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि मेट्रो अधिभार १ टक्का, मिळून ६. करारातली किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांत जी रक्कम जास्त असेल तिच्यावर. भाडेकरू असलेल्या मिळकतीचं मूल्यांकन वेगळ्या पद्धतीने होतं, तेव्हा रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) दर नुसता चौरस मीटरने गुणून घाबरू नका; आधी अभिनिर्णय, म्हणजे मुद्रांक कार्यालयाकडून शुल्काचा निर्णय, करून घेता येतो. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार.

५० लाखांवरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा आणि प्रत्येक विक्रेत्याच्या पॅनवर वेगवेगळा भरायचा. अमेरिकेतल्या आत्याच्या हिश्श्यावर हा १ टक्का चालत नाही. अनिवासी विक्रेत्याला भांडवली नफ्याच्या दराने कपात लागते. तिने कमी कपातीच्या दाखल्यासाठी अर्ज केला आहे. तो आल्याशिवाय खरेदीखत करणार नाही, म्हणजे नंतर वादच नको.

थोडी रक्कम रोख चालेल?

नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि सहा वारसांत रोख वाटणं हे भांडणाला आमंत्रण.

बँकेचं कर्ज मिळेल?

पागडीचे भाडेकरू म्हटलं की बऱ्याच बँका मागे सरतात, हे आधीच गृहीत धरा. गृहकर्ज मिळालंच तरी ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते आणि मुद्रांक शुल्क त्या मूल्यात धरत नाही. दोन कुटुंबांनी मिळून अर्ज करायचा असेल तर बँकेला घराची ताब्यांची स्थिती पहिल्याच भेटीत सांगा.

रेरा नंबर?

लागत नाही. १९६१ ची राहती इमारत आहे, नवा प्रकल्प नाही.

पाणी, वीज, पार्किंग?

महापालिकेचं एकच कनेक्शन, खाली टाकी, पंपाने वर. पंपाचं बटण तळमजल्यावरचे काका वेळेवर दाबतात, गेली कित्येक वर्षं. विजेचे मीटर वेगवेगळे, जिन्याखाली. पाइप गॅस पाचही बिऱ्हाडांत आहे. एक गाडी आत लागते, दुसरी लावली तर स्कूटर बाहेर काढताना दोघांनाही शिव्या. लिफ्ट नाही.

मागचा आंबा तोडता येईल?

वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांदीसुद्धा नाही, १९७५ चा कायदा आहे. रायवळ आहे, मे महिन्यात लोणच्यापुरत्या कैऱ्या देतो.

वास्तू कशी? आणि घर फक्त शाकाहारींना विकणार का?

मुख्य दार पूर्वेला. जाणकार आणून बघा, फक्त भाडेकरूंच्या स्वयंपाकघरात होकायंत्र घेऊन शिरू नका. घेणारा काय खातो याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. पहिल्या मजल्यावर रविवारी बोंबील तळतात आणि वास जिन्यात येतो. ज्याला तो चालत नाही त्याने आत्ताच विचार करावा, नंतर त्या कुटुंबाला ऐकवू नये.

पार्लेच का?

ज्यांना हे विचारावं लागतं त्यांना सांगून पटणार नाही. पार्ले टिळक विद्यालय, लोकमान्य सेवा संघ, दीनानाथ नाट्यगृह सगळं चालत. लोकल बहुतेक धीम्याच थांबतात, जलद गाडीला अंधेरी गाठावी लागते. मेट्रो ३ मुळे बीकेसीला जाणं सोपं झालं आहे. विमानांचा आवाज येतो. पाहुण्यांना येतो, आम्हाला नाही.

भाव का लिहिलेला नाही?

सहाही वारसांनी मिळून एक आकडा ठरवला आहे आणि तो घर पाहून झाल्यावर पहिल्याच भेटीत सांगतो. तो ठरवताना रिकाम्या जागांना बाजारभाव धरला आहे आणि पागडीच्या जागांना धरलेला नाही. तेव्हा ‘भाडेकरू आहेत, म्हणून निम्म्यात द्या’ हे बोलणं दुसऱ्यांदा करू नका. ती वजावट आधीच झालेली आहे. घासाघीस करायची असेल तर दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर करा, ते ऐकू.

घर कधी बघता येईल?

रविवारी सकाळी दहा ते बारा, आदल्या दिवशी कळवून. भाडेकरूंच्या जागा त्यांची सोय असेल तरच आतून दाखवू. कागदांच्या प्रती पहिल्या भेटीत बघायला मिळतील, घरी न्यायला मिळतील त्या तुमच्या वकिलाचं पत्र आल्यावर. एजंटमार्फत येणार असाल तर त्यांची दलाली तुम्ही त्यांच्याशी ठरवा, आमच्याकडून काही नाही. गणपतीचे पाच दिवस मात्र येऊ नका. दुसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि कोणी तुमच्याशी धड बोलणारही नाही.